घरच्या घरी लेक्झिंग्टनसारखं पुल्ड पोर्कचं ताट : मदत हवी आहे

जाई_कॅरी

मंडळी, लेक पुढच्या महिन्यात हायस्कूल पूर्ण करतेय. पार्टीला काय करू विचारलं तर एका दमात उत्तर आलं, "आई, लेक्झिंग्टनला खातो ते ताट, पण आपल्या घरी." आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो, लेक्झिंग्टन आमच्या पश्चिमेला दीड-दोन तासांवर. ती पाच वर्षांची असल्यापासून आम्ही तिथे जातोय. मला जशी आजोळच्या जेवणाची चव, तशी तिला ही.

ताट असं असतं : निखाऱ्यांवर भाजलेला डुकराचा खांदा, हाताने सोडवलेला किंवा जाडसर चिरलेला. त्यावर व्हिनेगरचा पातळ, आंबट-तिखट सॉस, ज्याला तिथे 'डिप' म्हणतात. लाल रंगाचा कोबीचा स्लॉ, म्हणजे कोशिंबिरीसारखा प्रकार. हशपपीज, म्हणजे मक्याच्या पिठाची तळलेली बोंडं. बाजूला बीन्स.

माणसं १४. त्यातली ४ शाकाहारी, त्यांत पुण्याहून आलेले सासू-सासरे. घरात ओव्हन आहे, इन्स्टंट पॉट (विजेवरचा प्रेशर कुकर) आहे आणि मागच्या अंगणात वेबरची २२ इंची गोल शेगडी. मांसाला धूर द्यायचा स्मोकर नाही, आणि एका दिवसासाठी घ्यायचाही नाही.

गेल्या हिवाळ्यात स्लो कुकरमध्ये करून पाहिलं होतं. मांस मऊ झालं, पण नुसतं उकडल्यासारखं. कडेला करकरीत काही नाही, आणि वरून बाटलीतला गोड सॉस ओतल्यावर सगळं एकाच चवीचं. तसं नकोय. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

तिखटमीठ

वाचतेय. मलाही हवंय हे.

हिकरीधूर

जाई, आधी तुकडा नीट घे, अर्धं काम तिथेच होतं. दुकानात 'बॉस्टन बट' मागायचा. नावाने फसायला होतं, पण तो मागचा भाग नाही. पुढच्या पायाच्या वरचा खांदा. त्याच्या खालच्या भागाला 'पिकनिक' म्हणतात, त्यात कातडी आणि सांधा जास्त. हाडासकट ८ पौंडांचा घे. चरबी वितळून आणि पाणी उडून साडेचार पौंडांच्या आसपास हाती लागेल. दहा खाणाऱ्यांना भरपूर, दुसऱ्या दिवशीच्या डब्यालाही उरेल.

आता मुख्य गोष्ट. मटण शिजलं की आपण उतरवतो, इथे तसं नाही. पोर्क १४५ अंश फॅरनहाइटला खाण्याजोगं होतं, पण खांदा त्या वेळी चामड्यासारखा असतो. आयुष्यभर अंगाचं वजन पेललेला स्नायू तो, कोलॅजेनने भरलेला. ते विरघळून जिलेटिन व्हायला १६०च्या पुढे तासन्‌तास जावे लागतात. म्हणून १९५ ते २०५ पर्यंत न्यायचं. हाड धरून ओढलं की ते कोरडं, स्वच्छ बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर अजून थांबायचं, पाहुणे दारात उभे असले तरी.

स्लो कुकरमध्ये तुझं जे झालं त्याचं कारण वाफ. झाकण बंद, ओलावा आतच, मग पृष्ठभाग वाळणार कसा? वाळल्याशिवाय तो काळसर खरपूस पापुद्रा धरत नाही. इथे त्याला 'बार्क' म्हणतात, झाडाची साल. लेक्झिंग्टनला लोक मुद्दाम 'आउटसाइड ब्राउन' म्हणून बाहेरचा खरपूस भाग मागून घेतात.

पाटावरवंटा

जिलेटिनचं अगदी पटलं. पाया सूप प्यायल्यावर ओठ चिकटतात तेच ना हे?

हिकरीधूर

तेच. म्हणून तर मांस सोडवताना बोटं चिकट झाली की समजायचं जमलं.

आयडनचा_पाहुणा

मी दहा वर्षं ग्रीनव्हिलला काढली, राज्याच्या पूर्वेला. त्यामुळे प्रेमाने पण ठामपणे सांगतो, सॉसमध्ये केचप घालू नका! पूर्वेकडे अख्खं डुक्कर भाजतात आणि वर फक्त व्हिनेगर, मीठ, काळी मिरी, लाल मिरची. टोमॅटो औषधालाही नाही. ग्रीनव्हिलजवळ आयडन नावाचं छोटं गाव आहे, तिथे १९४७पासूनचं स्कायलाइट इन आहे. छपरावर चक्क अमेरिकेच्या संसदेसारखा घुमट. तिथे सुऱ्यांनी ठोकून ठोकून मांस बारीक करतात आणि भाजलेली कुरकुरीत कातडी त्यातच चिरून मिसळतात. सोबत स्लॉ आणि मक्याच्या पिठाचा घट्ट पाव, बास. पहिल्या घासाला कातडीचा कुरकुर आवाज आला तेव्हा मला गावाकडच्या चुलीवर भाजलेल्या सुक्या बोंबलाची आठवण आली. चव वेगळी, पण तो आनंद तोच.

शार्लटवाली

झाली सुरुवात. :) हा वाद म्हणजे आपला पुणेरी मिसळ की कोल्हापुरी मिसळ. दोन्ही गावचे लोक दुसऱ्याच्या ताटाकडे बघून हळहळतात.

धागाकर्तीला पश्चिमेचं हवंय, लेक्झिंग्टनचं. तिथे फक्त खांदे भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप असतं. तेच डिप कोबीत कालवलं की लाल स्लॉ. मेयोनेझ नाही.

माझं प्रमाण : अॅपल सायडर व्हिनेगर २ कप, केचप अर्धा कप, पाणी अर्धा कप, ब्राउन शुगर २ टेबलस्पून, मीठ २ टीस्पून, कुटलेली लाल मिरची १ टेबलस्पून, काळी मिरी १ टीस्पून. एक उकळी आणून गार करायचं आणि निदान एक दिवस आधी करून ठेवायचं. ताजं असताना नाकात जातं, मुरलं की गोल लागतं.

स्लॉसाठी कोबी अगदी बारीक चिर, किसू नको, किसला की पाणी सुटतं. आपण कोशिंबिरीला चोचवतो तसा. एका मध्यम गड्ड्याला पाऊण कप डिप आणि वर दोन चमचे साखर. दोन तास फ्रीजमध्ये.

नाशिकची_द्राक्षं

मिसळीच्या वादात नाशिकला विसरलात, याची नोंद घेतली आहे.

ह्यूस्टनकाका

टेक्सासात बार्बेक्यू म्हणजे ब्रिस्केट, गाईच्या छातीचं मांस, त्यामुळे या वादात माझं मत कोणी विचारू नये. पण धुराचं सांगतो.

जाई, गोल शेगडी पुरेशी आहे. कोळशाच्या विटा काठाने अर्धवर्तुळात मांडायच्या, दोन खाली दोन वर, एकमेकींना टेकवून, सापासारख्या. त्यावर हिकरीच्या लाकडाचे मुठीएवढे ४-५ तुकडे अंतराअंतराने. फक्त एका टोकाच्या विटा पेटवायच्या. आग हळूहळू पुढे सरकते, ५-६ तास हात लावावा लागत नाही. मधल्या रिकाम्या जागेत पाण्याचं भांडं, त्याच्या वर जाळीवर मांस. झाकणाची भोकं मांसाच्या बाजूला. खालची झडप थोडी थोडी बंद करत २२५ ते २५० वर आणायचं आणि मग झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा. धूर निळसर, जेमतेम दिसेल इतका पातळ हवा. दाट पांढरा धूर आला तर मांस कडू होतं.

सगळा वेळ धूर द्यायची गरज नाही. मांस गार आणि ओलसर असताना धूर चांगला धरतो, म्हणजे पहिले चार-पाच तास. पुढे ओव्हनमध्ये टाक, मांसाला कळत नाही उष्णता कोळशाची की विजेची. आमच्याकडे निष्ठावंत लोक याला फसवणूक म्हणतात, मी मात्र झोपेची किंमत जाणतो.

गंधार७

काका, लिक्विड स्मोक का नाही चालणार? सगळी कटकटच वाचेल.

ह्यूस्टनकाका

चालतं रे, पण थेंबाने. ते रसायन नाही, लाकडाचा खरा धूर थंड करून जमवलेलं पाणी आहे; १८९५मध्ये कॅन्सस सिटीच्या एका औषधविक्रेत्याने बाजारात आणलं. ८ पौंडांना पाव चमचा पुष्कळ झाला. जास्त झालं तर जळकं लाकूड चावल्यासारखं लागतं. ज्यांना बाल्कनीत कोळसा पेटवायची परवानगी नाही त्यांनी ते आणि स्मोक्ड पाप्रिका वापरावी.

सदाशिवपेठी_मुक्काम

कृपया कोणी सेल्सियस आणि किलोत सांगेल का? आणि इन्स्टंट पॉट नसलेल्यांनी काय करायचं? माझ्याकडे पाच लिटरचा कुकर आणि छोटा ओटीजी आहे.

डेसिमल

८ पौंड = ३.६ किलो. भाजायचं तापमान २२५-२५० फॅ. = १०७-१२१ से. मांसाच्या आतलं शेवटचं तापमान २०३ फॅ. = ९५ से. खाण्यास सुरक्षित १४५ फॅ. = ६३ से., आणि मग ३ मिनिटं तसंच ठेवायचं.

कुकरसाठी : खांद्याचे मुठीएवढे तुकडे, मीठ-मसाला लावून, कपभर पाणी. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ५० मिनिटं आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. मांस सोडवून थाळ्यात पसरायचं, उरलेलं पाणी आटवून त्यावर शिंपडायचं आणि ओटीजीत वरच्या कांडीखाली कडा करपेपर्यंत. बार्बेक्यू नाही होणार, पण स्लो कुकरच्या लगद्यापेक्षा कितीतरी बरं.

लोणीधपाटे

माझी एक शंका, थोडी घाबरट वाटेल. आई लहानपणापासून सांगायची डुकराच्या मांसात जंत असतात. आता मुलं खातात, मला अजून धास्ती वाटते.

डेसिमल

धास्ती निराधार नव्हती. ट्रायकिनेला नावाचा कृमी कच्च्या-अर्धवट शिजलेल्या पोर्कमधून यायचा. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने कित्येक वर्षं १६० फॅ.चा आग्रह धरला होता. तो २०११मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठी १४५ वर आणला. आपण इथे २०० पर्यंत नेतोय, तेही तासन्‌तास. पुल्ड पोर्क निर्धास्त खा.

आणि एक : सोडवल्यावर आतला कडेचा भाग गुलाबी दिसला तर कच्चं समजून परत शिजवू नका. धुरातल्या वायूंमुळे तो रंग येतो, त्याला 'स्मोक रिंग' म्हणतात.

माडाखाली

अवांतर, पण फार अवांतर नाही. व्हिनेगर आणि डुकराचं मांस ही जोडी आमच्या गोव्यात शेकडो वर्षं नांदतेय. विंदालूचं मूळ पोर्तुगीज 'व्हिन्या द आल्योस', वाइन आणि लसूण. आमच्याकडे वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं. सोरपोतेल नाताळच्या दोन-तीन दिवस आधीच करतात आणि रोज गरम करत मुरवतात, ते त्या आंबटपणाच्या जोरावरच.

मागच्या वर्षी भावाकडे रॉलीला गेलो होतो, त्याने पूर्वेकडचं बार्बेक्यू खाऊ घातलं. पहिल्याच घासाला मी म्हटलं, अरे हे तर आपल्यातलंच, फक्त हळद-जिरं-दालचिनी घरी विसरून आलेलं! परत आल्यावर म्हापशाच्या बाजारातून दीड किलो खांदा आणला, नारळाच्या करवंट्यांचा धूर दिला, वर माडाचं व्हिनेगर आणि काश्मिरी मिरची. करवंटीचा धूर हिकरीपेक्षा थोडा उग्र असतो, पण फार छान जमलं. पावात घालून खाल्लं, आमच्या चोरीस-पावासारखं (चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराचं सॉसेज).

तिखटमीठ

माडाखाली दादा, करवंटीची कल्पना जबरदस्त! मी तर म्हणते जाईनेही चोळायच्या मसाल्यात थोडा गरम मसाला घालावा.

जाई_कॅरी

तिखटमीठ, एरवी मी हो म्हटलं असतं. पण लेकीला ती नेमकी चव हवीय आणि मला तिच्यासाठी ती नेमकीच करायचीय. आपला मसाला घातला तर ते छानच होईल, पण तिने मागितलेलं ते नसेल. त्यामुळे मीठ, काळी मिरी, पाप्रिका, थोडी ब्राउन शुगर, एवढंच.

माडाखाली, तुमची प्रतिक्रिया नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो मूळचा सावंतवाडीचा, त्याला आता सोरपोतेल हवंय.

शार्लटवाली

जाई, शाकाहारी मंडळींसाठी फणसाची कुयरी. इथे डब्यात मिळते; खारवलेल्या पाण्यातली घे, पाकातली नको. धुऊन, पिळून, हाताने सोडव, तोच कोरडा मसाला आणि थोडं तेल लाव आणि ४०० अंशांवर अर्धा तास भाज, मग डिप. शेगडीवर जागा असेल तर वेगळ्या थाळीत थोडा धूरही दे. सासूबाईंना कुयरीची भाजी माहीत असणार, त्यामुळे परकं वाटणार नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आमच्याकडे एकदा फार अवघड प्रसंग झाला होता. दक्षिणेतले साधे दिसणारे पदार्थ शाकाहारी असतातच असं नाही. डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये पुष्कळदा बेकन असतं, कोलार्डची पालेभाजी डुकराच्या नळीसोबत शिजवतात, हशपपीज कधी चरबीत तळतात आणि वूस्टर सॉसमध्ये मासे असतात. त्या दिवशी आमच्या मावशी अर्धी वाटी बीन्स खाऊन झाल्यावर आम्हाला कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं. बीन्स घरीच कर : पांढऱ्या नेव्ही बीन्स भिजवून शिजव, त्यात काकवीसारखी मोलॅसिस, मोहरीची पेस्ट, कांदा, डिप, आणि तासभर ओव्हनमध्ये. वाढायचे डाव वेगळे ठेव.

जाई_कॅरी

हे किती महत्त्वाचं सांगितलंत! मी बीन्सचे डबेच आणणार होते.

गंधार७

गेल्या शनिवारी मी उत्साहाने छोटा खांदा लावला. १६४ पर्यंत मस्त चढला आणि मग साडेतीन तास तिथेच! थर्मामीटर बदलून पाहिला, कोळसा वाढवला. बिघडलं काय?

हिकरीधूर

काहीच बिघडलं नाही. याला इथे 'स्टॉल' म्हणतात. माठातलं पाणी गार का राहतं? पाझरलेलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. खांद्याचंही तेच : पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि शेगडी जेवढं तापवते तेवढंच ते गार करतं. ग्रेग ब्लॉन्डर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून हे दाखवलंय. कोळसा वाढवलास तर बाहेरून करपेल.

दोन उपाय. एक, वाट बघणे. दोन, १६५ला फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून २७५ च्या ओव्हनमध्ये. वाफ कोंडली की माठ बंद पडतो आणि तापमान सरसर चढतं. पापुद्रा थोडा मऊ पडतो, म्हणून शेवटी उघडून पंधरा-वीस मिनिटं परत भाजायचं.

आयडनचा_पाहुणा

मी गुंडाळण्याच्या विरोधात. थांबायचं. पण १४ माणसं जेवायला यायची असतील तर जाईने गुंडाळावं, हे मीही मान्य करतो.

आजीचा_खलबत्ता

आमचे हे पहिल्यांदा करत होते तेव्हा रात्री तीन-तीन वेळा उठून थर्मामीटर बघत होते. सकाळी शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, "घरात कोणाला ताप आहे का?"

जाई_कॅरी

झालं एकदाचं! परवा शनिवारी पार्टी झाली. सगळ्यांना सविस्तर सांगणं माझं कर्तव्य आहे.

शुक्रवारी रात्री ८.२ पौंडांच्या खांद्याला मीठ लावून उघडाच फ्रीजमध्ये ठेवला. पहाटे साडेपाचला काकांचा साप मांडला, सहाला मांस ठेवलं. शेगडी २४०च्या आसपास राहिली. साडेअकराला आत १६२ आणि काटा हलेना, तेव्हा गुंडाळून २७५च्या ओव्हनमध्ये. सव्वातीनला २०३. हाड ओढलं तर अक्षरशः हातात आलं, पांढरं स्वच्छ. लेक शेजारी उभी होती, तिने ते हाड वर धरून फोटो काढला. मग पंधरा मिनिटं उघडं भाजून, परत गुंडाळून, जुन्या टॉवेलांत लपेटून सहलीच्या कूलरमध्ये ठेवलं, बर्फाशिवाय अर्थात. साडेपाचला उघडलं तेव्हा हात पोळत होता.

सोडवताना सुटलेला रस फेकला नाही, वरची चरबी काढून त्यातच कालवला. शार्लटवाली, डिप दोन दिवस मुरवलं होतं, प्रमाण तंतोतंत.

हशपपीज सासूबाईंनी तळल्या, वेगळ्या कढईत, ताज्या तेलात. पीठ भिजवताना बघून म्हणाल्या, "हे तर मक्याचे बोंडं, सोडा जरा कमी घाल." त्यांचंच ऐकलं आणि आतून छान हलकं झालं. सासऱ्यांनी लाल स्लॉ तीनदा घेतला. चेरवाइनची बाटली मात्र त्यांनी लांबूनच नाकारली. त्यात वाइन नसून ते इथल्या सॉल्झबरी गावचं १९१७पासूनचं चेरीचं सोडा-पेय आहे, हे नातीने लेबल वाचून दाखवल्यावर दोन ग्लास प्यायले.

आणि लेक. पहिला घास घेऊन काही बोललीच नाही. कडेचा काळा तुकडा शोधून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "आउटसाइड ब्राउन, तुला."

पाटावरवंटा

डोळ्यांत पाणी आलं, जाई. लेकीला खूप शुभेच्छा. कुठे जाणार पुढे शिकायला?

जाई_कॅरी

राज्यातच, पण घरापासून चार तास. उरलेल्या मांसाचे पाऊण पाऊण पौंडांचे डबे रसासकट फ्रीझरमध्ये टाकलेत, तिच्या हॉस्टेलसाठी.

माडाखाली

त्यातला एक डबा ज्वारीच्या भाकरीबरोबर नक्की खा, वर थोडा ठेचा.

सदाशिवपेठी_मुक्काम

जाईताई, अभिनंदन! हशपपीजचं प्रमाण द्याल का? इथे दुकानात कॉर्नफ्लोर मागितलं तर पांढरी पिठूळ भुकटी दिली, तेच का?

जाई_कॅरी

नाही नाही, ती भुकटी म्हणजे मक्याचा स्टार्च. तुम्हाला मक्याचं रवाळ पिवळं पीठ हवं. ते दीड कप, मैदा अर्धा कप, बेकिंग पावडर दीड टीस्पून, बेकिंग सोडा चिमूटभर, मीठ १ टीस्पून, साखर १ टेबलस्पून, एक लहान कांदा किसून, एक अंडं, ताक साधारण कपभर. दहा मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे रवा फुलतो. तेल १८० सेल्सियसच्या आसपास, चमच्याने सोडायचे, तीन मिनिटांत होतात. अंडं नको असेल तर दोन चमचे दही जास्त.

सदाशिवपेठी_मुक्काम

मिळालं मक्याचं पीठ. खांदाही सांगून ठेवलाय, रविवारी सकाळी देतो म्हणालाय. करवंट्या आईने जपून ठेवलेल्या आहेतच.